अर्ध्या पोथीचं जहाज

बाइधर महांती जाऊन नववा दिवस उजाडला, आणि त्याच्या मुलाने, प्रदोषने, अंगणात उभं राहून सांगून टाकलं, "उद्या तळ्यावर दहाव्याला जायच्या आधी ती पोथी लुणा नदीत सोडून येतो."

प्रदोषची आत्या कुंतळा ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय सोडून येतोस?"

"पोथी, पिउसी. बापांची."

"का रे? नदीला वाचायला हवी आहे?"

प्रदोषने मान फिरवली. नऊ दिवसांची दाढी, अंगावर न शिवलेलं पांढरं धोतर, पोटात रोजचा एकवेळचा बिनतेलाचा भात. राउरकेल्याच्या कारखान्यात पंचवीस माणसांवर हुकूम चालवणारा हा गडी इथे आल्यापासून सगळ्यांवर चिडून होता. "अर्धी पोथी घरात ठेवून करायचं काय? वाचणारा गेला. मला ती जुनी करणी लिपी लागत नाही, माझ्या पोरांना तर छापील ओडियाही अडखळत वाचता येते. वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा पाण्यात दिलेली बरी. जुन्या पोथ्या लोक पाण्यातच देतात. मी काही जगावेगळं करत नाही."

"वाचणारा गेला म्हणतोस. मग मी कोण? मी काय त्या ताडपत्रांवर पापड वाळवत होते?"

प्रदोष ते विसरलाच होता. घरात सगळेच विसरत. कुंतळाने पाटी हातात धरली ती पन्नाशी ओलांडल्यावर. नवरा गेला, सासरच्यांनी बोळवण केली, आणि ती भावाच्या दारात परत आली, तेव्हा तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. गावातल्या प्रौढांच्या वर्गात ती छापील अक्षरं शिकली. मग बाइधरने तिला समोर बसवून जुन्या कारकुनांची करणी अक्षरं शिकवली. एकेक अक्षर विळ्यासारखं वाकलेलं, शेपूट पुढच्या अक्षरात अडकलेलं. दोन वर्षं लागली. बाइधर चुकीला टपली मारायचा, ती उलटून बोलायची. पण शेवटी तिने पोथी वाचली. म्हणजे, घरात होती तेवढी वाचली.

तेवढी म्हणजे अर्धी.

तेंतुळीपाटणा गावात महांतींच्या या पोथीएवढं जुनं काही नव्हतं. देऊळसुद्धा तिच्यामागून बांधलेलं. खापरपणजोबांच्याही आधीच्या कुणा महांतीने स्वतः रचलेली, स्वतः लोखंडी लेखणीने ताडपत्रावर कोरलेली माणिक साधवाची, एका दर्यावर्दी व्यापाऱ्याची, कथा. माणिक जहाज भरून दक्षिणेच्या बेटांकडे निघतो, धाकट्या भावाला घर सांभाळायला ठेवतो, भर समुद्रात वादळ गाठतं. दुसरी प्रत कुठे नव्हती. कुणाला करावीशी वाटली नाही. आपल्या घरात आहे ना, मग झालं.

चाळीस वर्षांपूर्वी बाइधर आणि कृपासिंधू वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, नारळ वाटले, पितळेची भांडी वाटली, आणि पोथीवर येऊन दोघे अडले. थोरला सोडेना, धाकटा सोडेना. बोलणं हातघाईवर आलं. तेव्हा गावच्या पंचांनी शहाणपणा केला. पोथीची दोरी सोडली, मधोमध बोट घातलं, वरची पानं थोरल्याला दिली, खालची धाकट्याला. वरची लाकडी फळी थोरल्याला, खालची धाकट्याला. दोघांनीही फणसाच्या लाकडाची नवी फळी करवून घेतली, नवी दोरी ओवली, आणि अंगणात मधोमध भिंत घातली. तेव्हापासून थोरल्या घरातलं जहाज निघतं आणि बुडतं, धाकट्या घरातलं जहाज न निघताच किनाऱ्याला लागतं, असं गावात हसून म्हणत. थोरल्या घरातली पोरं शेवट न ऐकता मोठी झाली. धाकट्या घरातल्या पोरांना माणिक गेलाच कशाला होता हे कधी कळलं नाही.

आणि कुंतळाला, बाप जिवंत असताना सगळी पोथी जिथे एकत्र होती त्या घरात वाढलेल्या कुंतळालाही, शेवट माहीत नव्हता. आजोबा वाचायला बसत, ती त्यांच्या मांडीला टेकून ऐके, आणि वादळ आलं की झोपून जाई. रोज. मुलीच्या जातीला कुणी जागं करून शेवट ऐकवत नाही.

"ती पोथी इकडे आण," कुंतळा म्हणाली.

"पिउसी, उगाच..."

"आण म्हणते ना!"

प्रदोषने आत जाऊन लाल फडक्यातलं गाठोडं आणलं. तिने ते काखेत मारलं, पदर खोचला आणि दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"तुझ्या काकाकडे. तुझा बाप दहाव्यापर्यंत याच घरात घुटमळतोय असं भटजी म्हणाले ना? मग अजून आजचा दिवस आहे. शेवट ऐकायचा राहिला म्हणून तडफडत गेला माझा भाऊ. आज त्याला ऐकवल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. मग उद्या तुझं तू काय ते बुडव. पोथी बुडव, नाहीतर मला बुडव."

आतल्या खोलीच्या दाराशी बाइधरची बायको सुकांती उभी होती. हातातल्या बांगड्या उतरलेल्या, केस मोकळे. ती काहीतरी बोलायला पुढे झाली, पण कुंतळा तोवर रस्त्याला लागली होती.

भिंत असल्यामुळे धाकट्या घरी जायचं तर रस्त्याने वळसा घ्यावा लागे. एवढ्या वाटेत कुंतळाला पुरेसं तापायला वेळ मिळाला. चौदा दिवसांपूर्वी ती याच वाटेने आली होती. बाइधरचा श्वास वर लागला होता, तो कृपाचं नाव घेत होता. तिने कृपाच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, दादा चाललाय, पोथी घेऊन ये, शेवट वाचून दाखव. कृपा दारातून आत गेला तो बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी राउरकेल्याहून आलेला प्रदोषही त्याच्या दारी सांगून गेला, तरी नाही. पुढे भाऊ गेल्यावर मात्र तिरडीला खांदा द्यायला हजर. तोही घरात पाऊल न टाकता, रस्त्यावरच.

कृपासिंधू ओसरीवर बसला होता. त्याचीही दाढी वाढलेली, खाली नुसती जमीन, चटईही नाही. भाऊबंद म्हणून सुतक पाळत होता, आणि नुसतं नावापुरतं नाही. समोर केळीच्या पानावर कच्च्या केळ्याची भाजी आणि भात, हळद नाही, तेल नाही. त्याची बायको हेमांगिनी तूप वाढत होती. कुंतळाला पाहून तिचा हात थांबला.

"सुतक बरं पाळतोस," कुंतळा म्हणाली. "जिवंत होता तेव्हा एक उंबरा ओलांडवला नाही. आता बिनतेलाचा खातोय."

"बस, अपा," कृपासिंधू थोरल्या बहिणीकडे न बघता म्हणाला.

"बसायला नाही आले. पोथी काढ."

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला. उद्या दादा जाईल. आज वाचायची. ही बघ वरची अर्धी मी घेऊन आले. तुझी अर्धी काढ, दोन्ही एकत्र दोरीत ओवू आणि भिंतीपाशी बसून मी वाचते. तू नको वाचूस, तुझा गळा झिजेल. मी वाचते."

"ती पूजेची वस्तू आहे."

"पोथी वाचायची वस्तू असते."

"विधवेच्या हाताला..." हेमांगिनीने सुरुवात केली.

"हो गं, हे तू मला वीस वर्षांपूर्वीही ऐकवलं होतंस. मी अक्षरं शिकून मोठ्या हौसेने आले होते, अर्धी वाचली, आता पुढची द्या म्हणून. दारातूनच परत पाठवलंस. तेव्हा मी रडत गेले. आज रडणार नाही, आज ओरडणार आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल."

कृपासिंधूने पान बाजूला सरकवलं. "अपा, तुझं सुतक तीन दिवसांचं. तू दुसऱ्या गोत्रात गेलीस. दहावा आमचा आहे, भाऊबंदांचा. पोथीही भाऊबंदांची. तुला वाटणीत काही आलं नाही, हे कुणाचं चुकलं असेल तर बापाचं. त्याच्याशी जाऊन भांड."

हे बोलायला नको होतं. त्यालाही बोलताक्षणी कळलं. हेमांगिनीनेसुद्धा तुपाची वाटी खाली ठेवली.

"तीन दिवस?" कुंतळा हळू आवाजात म्हणाली. "त्याचं मलमूत्र काढलं मी. पाठीला जखमा झाल्या त्या धुतल्या मी. तेव्हा कुठलं गोत्र होतं रे माझं? भाऊबंद भिंतीच्या या बाजूला बसून संध्याकाळी मोठमोठ्याने जहाज किनाऱ्याला लावत होता. मी देवळातून आरतीहून येताना रस्त्यावरून ऐकायचे तुझा आवाज, शब्द लागत नसत, नुसता सूर. वाटायचं, काय माणूस आहे, पलीकडे भाऊ मरतोय आणि हा सुरात म्हणतोय."

"मी वाचायचं सोडायला हवं होतं?"

"तू पलीकडे येऊन वाचायला हवं होतंस!"

"त्याने यायला हवं होतं माझ्या दारी! चाळीस वर्षांत एकदा आला? मुलाच्या लग्नाला अक्षता नोकराच्या हाती पाठवल्या. भिंत कुणी आधी मागितली? त्याने. विहिरीवर माझी पाळी कुणी..."

"मेला रे तो! मेलेल्याशी विहिरीवरून भांडतोस!"

बोलता बोलता ती सरळ देवघरात शिरली. हेमांगिनी मागे धावली. "अपा, अहो, आंघोळ... अहो, गादीला हात नका लावू!" पण कुंतळाने चौरंगावरच्या लहानशा गादीवरून ते गाठोडं उचललंच. वर झेंडूची ताजी फुलं होती, चंदनाचे थरावर थर, शेंदूर, तुपाचे ओघळ वाळून पिवळे झालेले. ते ओसरीवर आणून तिने कृपासिंधूच्या समोर ठेवलं आणि खाली बसून फडकं सोडायला घेतलं. गाठ सुटेना. तेल, चंदन आणि वर्षांची धूळ मिळून गाठीचा दगड झाला होता. तिने दातांनी ओढली.

"अपा, नको," कृपासिंधू म्हणाला. आवाज एकदम वेगळा, लहान पोरासारखा. "अपा, राहू दे."

फडकं सुटलं. जुनी खालची फळी, वर फणसाची नवी फळी. दोरी तुटून हातात आली. कुंतळाने वरची फळी उचलली आणि पहिलं पान उचलायला नख घातलं. पान येईना. तिने बाजूने प्रयत्न केला. येईना. सगळी पोथी एक वीट झाली होती. तूप आणि पाणी शिंपडून शिंपडून, चंदन चढवून चढवून, पानाला पान चिकटून लाकडाचा ठोकळा बनला होता. तिने तो उलटा केला. खालून बारीक भुगा गळला, पिठासारखा. आत वाळवीने आपल्या वाटा कोरल्या होत्या, आणि त्या वाटांच्या कडेला एखाददुसऱ्या अक्षराचं शेपूट उरलं होतं.

दारात प्रदोष येऊन उभा होता. पिउसीच्या मागे धावत आला असावा. तोही बघत राहिला.

"किती दिवस झाले याला?" कुंतळाने विचारलं.

"बरीच वर्षं."

"आणि तू रोज वाचत होतास?"

"म्हणत होतो." कृपासिंधूने डोळे चोळले. "बापाच्या तोंडून पाठ झालं होतं. जोवर पानं सुटत होती तोवर वाचलं. मग पाठ होतं ते म्हणालो. मग आठवेना तिथे... जोडत गेलो."

"जोडत गेलास म्हणजे?"

"म्हणजे रचत गेलो! काय करू मग? रोज संध्याकाळी पोथी उघडायची आणि गप्प बसायचं? गावाला काय सांगू? महांतीच्या घरची पोथी पुजून मारली म्हणू?"

"मी रोज अंघोळ करून, सोवळ्याने..." हेमांगिनी खाली पडलेला भुगा पदरात गोळा करू लागली. "मी भक्तीने केलं हो. गुरुवारचं एकदा चुकलं नाही. देवाला पाणी घातलं तर देव मरतो का?"

"देव नाही मरत. पान मरतं," कुंतळा म्हणाली. "दादा दरवर्षी भाद्रपदात सावलीत पानं पसरून बसायचा. एकेक पुसून, अक्षरं उठायला काजळी चोळून. लोक हसायचे, म्हातारा पोथीला मालीश करतो म्हणून. आणि तू... अरे, त्याच्या मरणाच्या दारात तुझा हा खोटा अभिमान आड आला! येऊन सांगायचं होतंस, दादा, पोथी गेली. शिव्या घातल्या असत्या त्याने, दोन. त्याने काय झिजला असतास तू?"

आणि मग कृपासिंधू उठला. सत्तरीचा माणूस, वाकलेला, पण उठला तसा त्याचा आवाज खांबाला धडकला. "मला काय सांगतेस अभिमान! तू काय निरोप आणलास? 'पोथी घेऊन ये.' हेच म्हणालीस ना? पोथी घेऊन ये, शेवट वाच! कुठून आणू पोथी? ही वीट घेऊन येऊ? मरणाऱ्या भावाच्या उशाशी बसून रचलेलं वाचू, आणि शेजारी तू अक्षरावर बोट ठेवून बघत बसणार? नुसतं 'ये' म्हणाली असतीस तर धोतर सावरत धावलो असतो गं! भरल्या ताटावरून उठलो असतो!"

"त्याचीच इच्छा होती ती!" कुंतळाही ओरडली. "त्याला शेवट ऐकायचा होता!"

"नव्हता ऐकायचा."

आवाज भिंतीकडून आला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भिंतीवर कुणी नव्हतं, नुसतं शेवग्याचं झाड वाकलेलं. आवाज पलीकडचा होता. सुकांतीचा.

"आणि ओरडू नका एवढं," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "सगळं ऐकू येतं इकडे. कायमच येत होतं."

"भाउज?" कृपासिंधू म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने वहिनीला पहिल्यांदा हाक मारली असेल.

"कुंतळा, ऐक. ते काय म्हणाले, मी तिथेच होते. 'कृपाला म्हणावं, ये.' एवढंच म्हणाले. पोथीचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. पोथी तुला हवी होती."

कुंतळाच्या हातातली फळी तिच्या मांडीवर पडली.

"तू तिकडे जाऊन ओरडलीस तेही मी ऐकलं," सुकांती पुढे म्हणाली. "तेव्हाच वाटलं होतं, हे काय सांगतेय ही. पण माणूस जात होता, मी त्याला सोडून तुझ्यामागे धावू? पुन्हा कुणाला पाठवावं म्हटलं, तर प्रदोषनेही तिकडे जाऊन तेच सांगितलं, तुझं ऐकून. आज तू उठून निघालीस तेव्हाही सांगणार होते. तू थांबतेस कुठे?"

प्रदोष खाली मान घालून अंगठ्याने जमीन उकरू लागला. कुंतळाची साठ वर्षांची शेवटाची ओढ, अक्षरांची दोन वर्षं, दारातून परत फिरणं, सगळं एका निरोपात शिरलं होतं, आणि तो निरोप भावाचा म्हणून तिने पोचवला होता. खोटं बोलायचं म्हणून नाही. तिला खरंच तसंच ऐकू आलं होतं, आपल्या हौसेच्या कानाने.

"पण शेवट..." ती कशीबशी म्हणाली. "त्याला शेवट..."

"शेवट त्यांना पाठ होता. खाट कुठे असायची त्यांची? या भिंतीला लागून, शेवग्याखाली. उन्हाळा असो, थंडी असो. तुम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला वारा लागतो. तू आरतीला गेलीस की आम्ही दोघं इथे बसायचो. कृपाबाबू म्हणायला लागले की हे डोळे मिटून ऐकायचे. मीही ऐकायचे, शेंगा सोलत."

कृपासिंधू भिंतीजवळ गेला होता. "चोरून ऐकत होता?"

"भिंत तुम्हा दोघांची होती, कृपाबाबू. कान आमचे होते."

"मग... मी चुकायला लागलो ते..."

"कळलं ना. कळणार नाही? एका पावसाळ्यात तुम्ही माणिकाला भलत्याच बंदरात उतरवलं. हे उठूनच बसले. म्हणाले, कृपाची पानं गेली गं. त्यानंतर रोज म्हणायचे, बघू आज काय रचतोय लेकाचा. कधी हसायचे. कधी वाह म्हणायचे हळूच. एकदा म्हणाले, हे तर मूळ पोथीपेक्षा बरं जमलंय."

कृपासिंधूने भिंतीवर हात टेकला. मग कुणाला काही न सांगता तो रस्त्याने निघाला. हेमांगिनीने पायताण पुढे केलं, ते त्याने पाहिलं नाही. प्रदोष बाजूला झाला. कुंतळा वरची अर्धी पोथी छातीशी धरून मागे गेली, आणि तिच्या मागे हेमांगिनी, पदराने डोळे पुसत.

थोरल्या घराचा उंबरा त्याने ओलांडला तेव्हा सुकांती अंगणातच उभी होती. बाइधरची खाट रीतीप्रमाणे उभी करून भिंतीला टेकवलेली होती. जिथे ती एवढी वर्षं होती तिथे तिच्या पायांचे खड्डे पडले होते. भिंतीच्या इतक्या जवळ, की मधून मांजरही गेलं नसतं. कृपासिंधू त्या खड्ड्यांकडे बघत राहिला.

"बसा," सुकांती म्हणाली. "दोघंही. उद्या हे जातील. तुम्हाला भांडायचं असेल तर परवा भांडा, पुढची चाळीस वर्षं भांडा. आज पोथी म्हणा."

"पोथी आहे कुठे?" कुंतळा म्हणाली. आवाजात पहिला राग उरला नव्हता, दुसरा होता, स्वतःवरचा.

"तुझ्या हातात आहे की अर्धी. शेवटचं पान काढ."

तिने दोरी सोडली. बाइधरने पुसून पुसून गुळगुळीत केलेली पानं एकावर एक सुटी झाली. शेवटचं पान तिने डोळ्यांजवळ धरलं. हे पान तिने किती वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी कड्यावरून खाली बघितल्यासारखं वाटलं होतं. ओळ पुरी झाली होती, पण जोडीची ओळ पंचांच्या बोटापलीकडे राहिली होती.

तिने वाचलं, "वर काळोख, खाली काळोख, मधे दिसे एक दिवा..."

आणि थांबली. पुढे काहीच नव्हतं.

कृपासिंधू खाली बघत होता. त्याचे ओठ हलले. मग त्याने घसा खाकरला.

"दिवा नव्हे तो, कोळ्यांची होडी, मरण टळलं तेव्हा."

ओळ ओळीला येऊन लागली. सुकांतीने मान डोलावली. कुंतळाने प्रदोषकडे न पाहता हात पुढे केला. "कागद आण. वही, पिशवी, काय मिळेल ते आण. उभा काय राहिलास, नदीवर जायची घाई आहे का?"

प्रदोष आत पळाला.

कृपासिंधू म्हणत गेला, कुंतळा लिहीत गेली. कोळ्यांनी माणिकाला वाचवलं, परक्या बेटावर त्याला मीठ उपसायला लावलं. मध्येच तो अडे, सुकांती शब्द पुरवी. मध्येच दोघांची जुंपे.

"इथे राजकन्या येते," कृपासिंधू म्हणाला.

"राजकन्या तुमची. पोथीत म्हातारी होती, एका डोळ्याने आंधळी."

"राजकन्या बरी वाटते."

"बरी वाटते, पण नव्हती."

"दोन्ही लिही," कृपासिंधू कुंतळाला म्हणाला.

"तुझ्या राजकन्येला मी समासात टाकते," कुंतळा म्हणाली आणि लिहिलं.

ऊन शेवग्याच्या शेंड्यावर गेलं. जहाज परतीला लागलं. कृपासिंधूचा आवाज आता खुलला होता, रोज संध्याकाळी रस्त्यावर ऐकू यायचा तसा. "सोन्याची डोलकाठी, रेशमी शीड, ढोल वाजती काठी, धाकटा धावे, मिठी मारे..."

"नाही," सुकांती म्हणाली.

"काय नाही?"

"सोनं नव्हतं. ढोल नव्हते. ते तुम्ही मागाहून घातलंत. सुरुवातीच्या वर्षांत म्हणायचात ते वेगळं होतं. माणिक रिकाम्या हाताने येतो, चालत. आणि धाकटा मिठी नाही मारत."

कृपासिंधूचा चेहरा हळूहळू बदलला. कपाळावर आठ्या पडल्या, मग गेल्या. काहीतरी खोलवरून वर येत होतं. त्याने उभ्या खाटेकडे पाहिलं, मग त्या खड्ड्यांकडे, आणि एकाएकी तो गुडघ्यांवर उठला. हाताची मूठ वळली. त्याने खाटेच्या दिशेने, सुरात नाही, ताल सोडून, ओरडून म्हटलं,

"कुठे होतास, कुठे मेलास, कुणाच्या दारी जेवलास?
भात निवाला, दिवा विझला, आता कशाला आलास?"

गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्याने पुन्हा तीच ओळ म्हटली, आणखी मोठ्याने, आणि शेवटच्या शब्दावर मूठ जमिनीवर, त्या खड्ड्यात आपटली. मग तिथेच हात ठेवून बसून राहिला.

कुंतळाने ओळ लिहिली. शेपटं वाकडी आली, पण लिहिली. ती टक्क जागी होती. तिने लेखणी वर धरून वाट पाहिली.

"पुढे?" तिने विचारलं.

सुकांतीने पदर डोक्यावर सारखा केला.

"पुढे काही नाही, कुंतळा," ती म्हणाली. "पहाटेपर्यंत धाकटा शिव्या घालतो आणि थोरला ऐकतो. पोथी तिथेच संपते."